पाळणाघराचा अर्ज

प्रतापराव देवरे यांचे महत्त्वाचे निर्णय बहुतेक कंपनीच्या बसमध्ये होत. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटपासून अल थुमामातल्या त्यांच्या फ्लॅटपर्यंत यायला दीड तास लागतो. शेजारचा माणूस घोरत असतो आणि खिडकीबाहेर वाळूखेरीज बघण्यासारखं काही नसतं. अशा प्रवासात माणूस एक तर झोपतो, नाही तर घरातल्या बाकीच्यांच्या आयुष्याची व्यवस्था लावत बसतो. प्रतापरावांना बसमध्ये झोप येत नसे, हे घरच्यांचं दुर्दैव.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अशीच एक व्यवस्था लावली. त्यांची मुलगी भैरवी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. तिचा मुलगा अनय अकरा महिन्यांचा झाला होता. बाळंतपणाची रजा जानेवारीत संपत होती आणि तिथल्या पाळणाघराची फी ऐकून सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले होते. भैरवीचा पगार या हाताने घ्यायचा आणि त्या हाताने पाळणाघराला द्यायचा, असा प्रकार. जावई कौशिकच्या पगारात घरभाडं आणि बाकीचा संसार जेमतेम बसत होता. मग नोकरी तरी कशाला करायची, असं भैरवी म्हणू लागली होती. वर्ष संपायच्या आत राजीनामा देणार, असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं. सात वर्षं शिकून, परीक्षा देऊन, रात्रपाळ्या करून मिळवलेली नोकरी पोरगी अशी सोडून देणार, हे प्रतापरावांना खुपत होतं.

तेव्हा त्यांनी तोडगा काढला. बायकोने, मीनाने, इथली नोकरी सोडायची आणि सहा महिने लेस्टरला जाऊन नातवाला सांभाळायचं. आजी असताना पाळणाघर हवंच कशाला? बस लुसैलच्या उंच इमारतींपाशी आली तोवर त्यांनी भैरवीला मेसेजही टाकून दिला होता, आई येतेय, काळजी करू नकोस. मीनाताईंना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

घरी आले तर मीनाताई जेवणाच्या टेबलापाशी चष्मा लावून बसलेल्या. समोर फोन, आणि जुन्या कॅलेंडरची फाडलेली पानं उलटी करून त्यांवर बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. प्रतापरावांना वाटलं, तयारीला लागली वाटतं, काय काय न्यायचं त्याची यादी दिसते. त्यांनी खुशीत विचारलं, तिकीट कधीचं काढायचं?

"कुणाचं तिकीट?" मीनाताईंनी मान वर न करता विचारलं. "तुमचा मेसेज भैरवीने मला दुपारीच पाठवला. माझ्याबद्दल काही ठरलं की मला लेस्टरहून कळतं, हे बरं झालं."

प्रतापरावांनी बूट काढण्यात जरा जास्तच वेळ घालवला. मग म्हणाले की, अगं, आपल्याच नातवाचा प्रश्न आहे. त्यावर मीनाताई शांतपणे म्हणाल्या की नातवाकडे जायला त्या एका पायावर तयार आहेत, सुट्टी काढून महिनाभर जातीलही. पण सहा महिन्यांनी व्हिसा संपला की पुढे काय? मग लेकीने राजीनामा जुलैत द्यायचा, एवढंच ना? या प्रश्नाला बसमध्ये उत्तर सापडलेलं नव्हतं.

मीनाताई आठ वर्षांपासून अल थुमामातल्याच एका नर्सरीत काम करत होत्या. भैरवी इंग्लंडला गेल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी हे काम धरलं, तेव्हा प्रतापरावांनी त्याला 'टाइमपास' म्हटलं होतं आणि ते आजवर तसंच म्हणत आले होते. त्या नर्सरीच्या सुपरवायझर खतिजाबाई मूळच्या बर्मिंगहॅमच्या. तिथल्या पाळणाघरात त्यांनी दहा वर्षं काढलेली. मीनाताईंनी बोलता बोलता लेकीची अडचण सांगितली, तशी खतिजाबाईंनी कपाळावर हात मारला. अर्ज केला नाही का तिने, असं त्या विचारत राहिल्या.

अर्ज कसला, ते मीनाताईंनी गेल्या चार दिवसांत स्वतः वाचून काढलं होतं. इंग्रजी सरकारी भाषा, एकेक वाक्य तीनतीनदा वाचायचं, अडलेला शब्द फोनवर शोधायचा आणि कळलेलं कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत उतरवायचं. आता त्यांनी नवऱ्याला ते समजावून सांगितलं. आईबाप दोघं नोकरी करत असतील, तर मूल नऊ महिन्यांचं झालं की आठवड्याचे तीस तास पाळणाघराचे पैसे तिकडचं सरकार भरतं, शाळा चालू असते तेवढ्या आठवड्यांपुरते. उरलेल्या तासांसाठी एक खातं असतं. त्यात आईबापांनी आठ पौंड टाकले की सरकार आपले दोन टाकतं, करातली सवलत म्हणून. दोन्हींना मिळून एकच अर्ज. दर तीन महिन्यांनी आमची नोकरी चालू आहे, एवढं कळवायचं. जानेवारीपासून हवं असेल तर मात्र एकतीस डिसेंबरच्या आत अर्ज झाला पाहिजे, नाही तर थेट एप्रिल. आणि एप्रिलपर्यंत भैरवीची नोकरी काही तिची वाट बघत थांबणार नव्हती.

प्रतापरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे आता आमची लेक सरकारची जावई होणार," ते म्हणाले.

हे त्यांचं जुनं तत्त्व होतं. कतारमध्ये सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. इथे काम करायचं, पगार घ्यायचा, करार संपला की खलास, गाशा गुंडाळायचा. परक्या देशात सरकारपुढे आणि साहेबापुढे हात पसरायचा नाही, हे त्यांनी भैरवीला लहानपणापासून शिकवलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी भत्त्यांचा विषय काढला की ते हे वाक्य ऐकवत आणि ऐकणारे माना डोलावत. पोरगीही तशीच निघाली, याचा त्यांना अभिमान होता. इंग्लंडमध्ये तिच्या व्हिसाच्या कार्डावर कितीतरी वर्षं छापलेलंच होतं की सरकारी मदतीवर हिचा हक्क नाही. त्या ओळीला लेकीने कधी नाक मुरडलं नाही.

मीनाताईंना ते कार्ड माहीत होतं. ते जुनं झालं, त्या म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी भैरवीला आणि कौशिकला कायम राहायचा परवाना मिळाला, तेव्हाच ती अट सुटली. कार्ड बदललं, पण डोक्यातली ओळ कुणी पुसली नाही. मीनाताईंनी कालच भैरवीला फोन करून हे सगळं सांगितलं होतं. भैरवीने पुरतं ऐकलं आणि एवढंच म्हटलं की, आई, आपल्याकडे मागत नाहीत ना.

"तेच तर मी म्हणतो," प्रतापराव म्हणाले.

मीनाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवायची त्यांना सवय नाही. अकरा लहान मुलांच्या खोलीत आवाज चढवणारी बाई आठ वर्षं टिकत नाही.

"अहो, ती दर महिन्याला कर भरते. पगार हातात यायच्या आधीच कापून घेतात. तो भरून भरूनच हे तिथे उभं राहिलंय. ती मागत नाहीये, स्वतःचंच परत घेतेय. तुम्ही सत्तावीस वर्षांत कुठल्या सरकारला एक दमडी कर दिला नाहीत. ज्याने कधी दिलंच नाही, त्याला हक्क कसा असतो ते कसं कळणार?"

प्रतापरावांना राग यायला हवा होता, पण बोलणं असं वर्मी बसलं की राग यायचंच विसरून गेला. करमुक्त पगार ही त्यांच्या आयुष्याची मोठी कमाई. नाशिकच्या भावांना ते ती मिशीवर ताव देत सांगत. त्या कमाईला अशीही एक बाजू असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. जेवताना एक जुना दिवस मनात वर येऊ पाहत होता, तो त्यांनी नेहमीसारखा खाली दाबला आणि आणखी एक पोळी मागितली.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मीनाताईंनी भैरवीला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उत्तर तेच. राजीनाम्याचं पत्र लिहून झालं आहे, ख्रिसमस झाला की पाठवते, असंही कळलं.

मग एका मंगळवारी, पाळी बदलल्यामुळे प्रतापरावांना सुट्टी होती आणि मीनाताई चष्मा घरीच विसरून गेल्या. चष्म्याशिवाय औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही त्यांना. म्हणून प्रतापराव चालत नर्सरीवर गेले. आठ वर्षांत ते फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. मीनाताईंना घ्यायला आले तरी गाडीतच बसून राहत.

खतिजाबाईंनी त्यांना लहान गटाच्या दारापाशी नेलं आणि हिंदीत सांगितलं, दोन मिनिटं थांबा, आत्ता दार उघडू नका. दाराला काच होती. आत अकरा मुलं, दुपारच्या झोपेची वेळ. आठ झोपली होती. दोघांना मीनाताई दोन हातांनी थोपटत होत्या, एकाच्या पाठीवर सावकाश, दुसऱ्याच्या कुल्ल्यावर जरा भराभर, दोन्ही हातांचे ताल वेगळे. अकरावा मुलगा नवीन होता, तिसराच दिवस. तो कोपऱ्यात स्वतःचा एक बूट छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या रडण्याला आता आवाजही उरला नव्हता.

मीनाताई त्याच्याकडे गेल्या, पण त्याला उचललं नाही की त्याचा बूट घेतला नाही. त्याच्याकडे पाठ करून त्या जमिनीवर बसल्या आणि धुतलेल्या छोट्या टॉवेलांच्या घड्या घालू लागल्या. एक घडी, दुसरी घडी. काही बोलणं नाही, बघणं नाही. किती वेळ गेला, कोण जाणे. प्रतापराव प्लांटवर प्रेशरच्या काट्यावर तासतास नजर ठेवणारे, पण त्यांना तिथे उभं राहून पाय बदलावे लागले. शेवटी तो मुलगा हळूच पुढे आला आणि आपला बूट त्याने मीनाताईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बूट घेतला, त्याचीही घडी घालतात तसं टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलं, आणि मग कुठे हात पसरले. पाच मिनिटांत तो झोपला.

खतिजाबाई हळू आवाजात सांगत होत्या की आया प्रवेश घेण्याआधी विचारतात, मिस मीना कोणत्या खोलीत आहे? त्यातल्या कितीजणी डॉक्टर आहेत, बँकेत आहेत, एक तर विमान चालवते. मीना इथे आहे म्हणून त्या तिकडे कामाला जाऊ शकतात. प्रतापरावांनी मान हलवली. आपण आठ वर्षं टाइमपास म्हणत होतो, याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असं कौतुक दाटून आलं की दारातच डोळे पुसावे लागले. ही बाई आपली बायको आहे, हे खतिजाबाईंना माहीत होतं, तरी ते त्यांनी एकदा उगाच सांगितलं.

चष्मा देऊन परत येताना त्यांना लेस्टरचं पाळणाघर दिसू लागलं. आजवर त्यांच्या लेखी तो फीचा एक आकडा होता. आता तिथे कुणीतरी अशीच बाई जमिनीवर बसलेली असणार, अनयकडे पाठ करून, घड्या घालत. आणि तिच्या जिवावर भैरवी हॉस्पिटलात कुणाच्या तरी मोडलेल्या हाडाचा फोटो काढत असणार. याचे पैसे देशाने भरले तर त्यात कुणाची मान खाली जाते? रस्ताभर ते स्वतःलाच विचारत आले, आणि तो दाबून ठेवलेला दिवस आता काही खाली जाईना.

संध्याकाळी त्यांनी मीनाताईंना विचारलं की भैरवीशी पुन्हा बोलणार का. मीनाताई म्हणाल्या, "माझं बोलून झालंय. तिच्या वाटेत मी उभी नाहीये."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. इकडे सुट्टी, तिकडेही सुट्टी. दुपारी तीनला प्रतापरावांनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. लेस्टरला बारा वाजले होते, भैरवी अनयला भात भरवत होती. मीनाताई शेजारी येऊन बसल्या. नातवाचे दात, तिकडची थंडी, कौशिकचा खोकला, सगळं बोलून झालं. मग प्रतापरावांनी घसा साफ केला.

"भैरवी, तो अर्ज भर. पाच दिवस उरलेत."

ती हसली. म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणता ना, परक्या देशात हात पसरायचा नाही?"

"म्हणतो. पण का म्हणतो, ते कधी सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही."

आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते सांगितलं. तेव्हा ते एका ठेकेदार कंपनीत होते, जिचं आज नावही उरलेलं नाही. भैरवी सहा वर्षांची होती. मीनाताईंना एका दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी मिळत होती, फक्त शाळा सुटल्यावर मुलीला ठेवायला जागा हवी होती. कंपनीच्या बोर्डावर कागद लागला होता, मुलांच्या सांभाळासाठी स्टाफला भत्ता. प्रतापराव इस्त्रीचा शर्ट घालून, भरलेला फॉर्म खिशात ठेवून ऑफिसात गेले. साहेबाने फॉर्म मागितलासुद्धा नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाला, इथे काम करायला आलास की पोरं पोसून घ्यायला? जमत नसेल तर बायकोपोरीला गावी पाठव. आठ-दहा माणसं बसली होती, ती सगळी हसली. त्यांच्यातले दोघे नाशिकचेच होते. घरी येऊन प्रतापरावांनी मीनाताईंना सांगितलं की आपण त्या भत्त्याच्या नियमात बसत नाही. मीनाताईंनी दवाखान्याला नाही म्हणून कळवलं.

"मी त्याला पुढे स्वाभिमान म्हणत आलो," प्रतापराव म्हणाले. "स्वाभिमान वगैरे काही नव्हतं, बेटा. मी घाबरलो होतो. पुन्हा कुणी तसं हसेल म्हणून मी जन्मात काही मागितलं नाही. आणि तेच तुला शिकवलं."

पलीकडे भैरवीच्या हातातला चमचा तसाच राहिला. अनयने तोंड उघडून वाट पाहिली आणि मग स्वतःच वाटीत हात घातला.

"मला माहितीये, बाबा," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"मी होते ना तिथे. तुम्ही मला बाहेर वॉटर कूलरपाशी बसवलं होतं. दार उघडंच होतं. मला सगळं कळलं नाही, पण ते लोक हसले ते कळलं. तुम्ही बाहेर आलात, मला मँगो ज्यूस घेऊन दिलात आणि म्हणालात, आपल्याला नको त्यांचं काही." तिने चमचा खाली ठेवला. "मला कायद्याची भीती नव्हती, बाबा. अर्ज करता येतो हे मला वर्षभर माहीत आहे. पण मी मागितलं आणि मला एका क्लिकवर मिळालं, की तुम्हाला तो दिवस आठवेल. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटायचं."

आपली ढाल म्हणून शिकवलेली गोष्ट पोरगी इतकी वर्षं बापासाठी धरून उभी होती, आणि तिच्यापायी आता नोकरी सोडायला निघाली होती. एवढं मोठं मन हिला कुठून आलं, असं प्रतापरावांच्या मनात आलं. ते शेजारीच बसलं होतं.

मीनाताई हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होत्या. दवाखान्याची ती नोकरी गेल्यावर त्या अठरा वर्षं घरी होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या मेणकापडाची घडी बोटाने सरळ करत राहिल्या. प्रतापरावांना वाटलं, आता जे ऐकावं लागेल ते कमीच असेल.

"तुम्ही तो फॉर्म दिलात का त्या माणसाला?" मीनाताईंनी विचारलं.

"नाही," प्रतापराव म्हणाले. "खिशातच राहिला."

मीनाताईंनी एक मोठा श्वास घेतला आणि फोन स्वतःकडे वळवला. "भैरवी, लॅपटॉप आण. हा तरी खिशात राहायला नको."

भैरवीने डोळे पुसले, अनयला कौशिककडे दिलं आणि लॅपटॉप उघडला. पहिला प्रश्न तिने मोठ्याने वाचला. प्रतापराव उठून आत जायला निघाले, तेव्हा मीनाताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आणि शेवटचा प्रश्न होईपर्यंत तो काढला नाही.